हरकत नोंदवायची कुठे?

पत्राचा गोषवारा : मी 28 वर्षांची असून निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराची मुलगी आहे. संगणक अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण घेऊन गेली तीन वर्षे नाशिकच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. मला 'कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियमन : भारतापुढील आव्हाने' या विषयावर पीएच.डी. करायची आहे. संगणकशास्त्राचे मार्गदर्शक म्हणतात की हा समाजशास्त्राचा विषय आहे. समाजशास्त्राचे म्हणतात की तुमची मूळ पदवी आमच्या शाखेची नाही. दरम्यान, बागांमध्ये हवामान संच बसवून रोगांचे अंदाज मोबाइलवर पाठवणाऱ्या एका कंपनीने मला डेटा आणि दरमहा मानधन देऊ केले आहे. अट एवढीच, की कोणताही लेख प्रकाशित करण्यापूर्वी त्यांची लेखी संमती घ्यायची. वडील म्हणतात, ज्या विषयाला मराठीत धड नाव नाही त्यात पाच वर्षे कशाला घालवतेस? मी काय करावे? ता. क. सिंहस्थ तोंडावर आला आहे, तर गर्दी मोजणाऱ्या कॅमेऱ्यांवरच प्रबंध लिहावा का, असेही मनात येते.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वडिलांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. त्यांना सांगा की या विषयाला मराठीत नाव नसले, तरी त्याचा अनुभव त्यांच्या पिढीला पुरेपूर आहे. पैसेवारी हा शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकला असेल. गावातले पीक किती आले, हे ठरवणारा तो आकडा 50 पैशांच्या वर गेला की खाली राहिला, यावर शेतसाऱ्यातील सूट, कर्जवसुलीची सवलत आणि मुलांची परीक्षा फी माफ होणे अवलंबून असे. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. तलाठी आणि सरपंच बसत, काही शेतकरीही असत, निवडक शेतांत पीक कापणीचे प्रयोग होत, आणि जाहीर झालेल्या आकड्यावर गावकऱ्यांना हरकत घेता येई. ही पद्धत निर्दोष होती असे मी मुळीच म्हणणार नाही. आकडे वरून दाबले जात, कित्येक गावांवर अन्याय झाला. मात्र आकडा कोणी काढला हे गावाला ठाऊक असे, आणि तो चुकला आहे असे म्हणायला एक जागा होती.

यंत्राने काढलेल्या आकड्यावर हरकत घेण्याची जागा कोणती, ती नसेल तर कशी निर्माण करायची, आणि तिथे उत्तर द्यायला कोण बसेल, हाच तुमचा विषय आहे. 'गव्हर्नन्स', म्हणजे नियमन, या शब्दाभोवती परिषदांमधून कितीही अवडंबर माजले असले, तरी माझ्या मते त्याचा गाभा एवढाच आहे.

वडिलांना दुसरे उदाहरणही पटेल. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत द्राक्ष आहे. तिथे भरपाई प्रत्यक्ष बागेच्या नुकसानीवरून ठरत नाही, महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. नोंद ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की 'ट्रिगर लागला' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. अवकाळी पावसाने एका शिवारात मणी तडकतात आणि चार किलोमीटरवरच्या केंद्रात पाऊसच नोंदला जात नाही, ही तक्रार बागायतदारांच्या कोणत्याही बैठकीत ऐकायला मिळते. यात कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, साधी बेरीज आहे. मर्यादा कागदावर छापलेली आहे आणि ती वाचता येते. शिकणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हा कागदही उरत नाही. हजारो जुन्या नोंदींतून यंत्राने जो नियम स्वतः बांधलेला असतो, तो बनवणाऱ्यालाही एका वाक्यात सांगता येत नाही. मग हरकत नेमकी कशावर घ्यायची?

हे भय काल्पनिक नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या अर्जांतील संशयित फसवणूक शोधण्यासाठी करखात्याने जोखीम ठरवणारी संगणकीय पद्धत वापरली, दुहेरी नागरिकत्वासारख्या बाबींमुळे हजारो कुटुंबे विनाकारण संशयित ठरली, त्यांच्याकडून मोठ्या रकमा वसूल झाल्या, आणि अखेर जानेवारी 2021 मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. आपल्या शेजारच्या तेलंगणात वेगवेगळ्या सरकारी नोंदी संगणकाने एकत्र जुळवून शिधापत्रिका रद्द करण्यात आल्या, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांची प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगावे लागले. दोन्हीकडे यंत्र चुकले हे खरेच आहे. पण घर मोडले ते यंत्राचा शब्द अंतिम मानून पुढची कारवाई करणाऱ्या माणसांमुळे. संशोधकाने नजर ठेवायची ती यंत्र आणि माणूस यांच्यामधल्या या जागेवर.

आता तुमच्या शीर्षकाकडे वळतो. 'भारतापुढील आव्हाने' हे शब्द आजच काढून टाका. त्या शीर्षकाखाली काय लिहिले जाईल, हे मी तुम्हाला आत्ताच सांगू शकतो : नीती आयोगाचे 2018 चे राष्ट्रीय धोरण, 2017 चा खासगीपणाच्या मूलभूत हक्काचा नऊ न्यायाधीशांचा निकाल, 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, मार्च 2024 मध्ये मंजूर झालेले सुमारे 10,372 कोटी रुपयांचे 'इंडिया एआय मिशन', ऑगस्ट 2024 मध्ये अमलात आलेला युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा कायदा, आणि वेगळा कायदा न करता तूर्त आहे त्या कायद्यांवर भिस्त ठेवणारी केंद्र सरकारची नोव्हेंबर 2025 मधील मार्गदर्शक तत्त्वे. हे सर्व तुम्हाला वाचावे लागेल, पण ते पहिल्या प्रकरणात संपले पाहिजे. हे दस्तऐवज दिल्लीत किंवा बेंगळुरूत बसलेला कोणीही तुमच्याइतकेच चांगले वाचू शकतो. निफाडची बाग मात्र त्याच्यासमोर नाही.

गेल्या हंगामात पिंपळगाव बसवंतजवळ एका स्नेह्याच्या बागेत मी सकाळी उभा होतो. ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झाला होता, घड दोडा अवस्थेत, म्हणजे फुलोऱ्याआधीच्या टप्प्यात होते. साडेसहाच्या सुमारास त्याच्या फोनवर संदेश आला : डाऊनीचा (द्राक्षावरील केवडा या बुरशीजन्य रोगाचा) धोका अधिक, 24 तासांत फवारणी करावी. त्याने फोन डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने एकेक पान उलटून पाहू लागला. पाच-सहा वेलींची पाने पाहिली. मागची बाजू कोरडी होती, तेलकट डाग नव्हता, पांढरी बुरशी नव्हती. मग त्याने मला बांधापलीकडे नेले. संच बसवला होता तो शेजाऱ्याच्या बागेत, नाल्याच्या अंगाला, खोलगट जागी. तिथे दहा वाजेपर्यंत दव हटत नाही. पान किती तास ओले राहिले, तापमान किती, आर्द्रता किती, यांवरून यंत्र अंदाज बांधते. त्या जागेपुरता तो अंदाज कदाचित अगदी बरोबर असेल. माझ्या स्नेह्याची बाग उंचावर, मोकळ्या वाऱ्यात आहे. तरीही त्याने त्या दिवशी फवारणी केली. मी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "औषध नाही मारले आणि डाऊनी आला, तर दोष माझा. मारले आणि तो येणारच नव्हता, तर ते कुणाला कळणार आहे?"

हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवले. जबाबदारी कशी सरकते, हे मी इतक्या थोडक्यात कुठे वाचलेले नाही. यंत्राने सल्ला दिला, निर्णय शेतकऱ्याचा. पण सल्ला धुडकावण्याची किंमत एकट्या शेतकऱ्यावर, आणि सल्ला चुकीचा असल्याचे सिद्ध करणारा पुरावा मात्र त्या फवारणीतच धुऊन गेलेला. शिवाय निर्यातीच्या मालात औषधाचा अंश किती उरतो याला कडक मर्यादा आहेत, म्हणजे अनावश्यक फवारणीचा भुर्दंड केवळ औषधाच्या बाटलीपुरता राहत नाही. निफाड आणि दिंडोरीतील अशा पन्नास बागायतदारांचे दोन हंगाम तुम्ही नीट अभ्यासलेत, तर तो प्रबंध नाशिकच्या बाहेरही वाचला जाईल याची मला खात्री आहे.

हा विषय कायद्याच्या अंगानेही भरीव आहे, आणि याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. आपला 2023 चा अधिनियम वैयक्तिक डेटापुरता आहे. तुमच्या वडिलांचे नाव आणि फोन नंबर त्यात येतात. त्यांच्या बागेतल्या मातीचा ओलावा, पानाचे ओलेपण, फवारणीच्या तारखा हे त्यात येते की नाही, हे ती नोंद त्यांच्या नावाशी जोडता येते का यावर ठरेल. नाव काढून टाकलेली पण गट नंबराला बांधलेली नोंद नेमकी कुठे बसते, यावर तुम्हाला एक अख्खे प्रकरण लिहिता येईल. याच अधिनियमात संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची मुभा द्यायला सांगितले आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. म्हणजे बागायतदारांना आधी काय सांगितले जात होते आणि नंतर काय सांगितले जाऊ लागले, हे दोन्ही तुमच्या कालावधीत तुम्हाला डोळ्यांनी पाहता येईल. असा योग संशोधकाच्या वाट्याला क्वचित येतो.

युरोपीय कायद्याकडेही याच नजरेने पाहा. त्यातील अति-जोखमीच्या यादीत नोकरभरती, शिक्षण, पोलीस तपास, माणसाची पत ठरवणे, आयुर्विमा आणि आरोग्यविमा आहे. शेतीचा सल्ला नाही आणि पीकविमाही नाही. पण बागेचीच नोंद उद्या पीककर्ज द्यायचे की नाही हे ठरवायला वापरली गेली, तर तिचे स्वरूप बदलते. महाराष्ट्र शासनाने जून 2025 मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे 2025 ते 2029 साठीचे धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपये ठेवले आहेत. त्या धोरणातून उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांत शेतकऱ्याची तक्रार कुठे जाणार, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपये शुल्क आणि 30 दिवसांची मुदत आहे. अर्ज करताना व्यक्तींची नावे मागू नका. व्यक्तिगत माहितीच्या अपवादाचे कलम 2023 च्या अधिनियमाने अधिक कडक झाले आहे. करारनामे, निविदांच्या अटी आणि तक्रार निवारणाची पद्धत एवढेच मागा.

सिंहस्थाचा विचार तुमच्या मनात आला, हे नाशिककर म्हणून मला समजते. ऑगस्ट 2003 मध्ये रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत 39 माणसे दगावली, ती आठवण या गावाने अजून उतरवून ठेवलेली नाही. 2015 च्या सिंहस्थाआधी 'कुंभथॉन' या उपक्रमाच्या निमित्ताने अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबची मंडळी आणि इथले तरुण एकत्र आले, पावले मोजणारी चटई एका शाळकरी मुलाच्या कल्पनेतून तयार झाली आणि कुंभात वापरलीही गेली. त्याचा मला आजही अभिमान वाटतो. पण प्रयागराजला जानेवारी 2025 मध्ये कॅमेरे गर्दी मोजत असतानाही चेंगराचेंगरीत किमान 30 जण गेले. आकडा पडद्यावर दिसल्यापासून घाटावरच्या शिपायाने दोर ओढेपर्यंत मध्ये काय घडते, हा प्रश्न अतिशय मोलाचा आहे. तरीही तुमच्या प्रबंधासाठी मी तो सुचवणार नाही. मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये आहेत. तोवर प्रवेश, अभ्यासक्रम, विषयाची मान्यता आणि पोलिसांची परवानगी हे सर्व जमेलच असे नाही, आणि पर्वणी हुकली तर पुढची बारा वर्षांनी. द्राक्षाचा हंगाम दरवर्षी येतो. सिंहस्थात मात्र वही घेऊन फिरा आणि जमल्यास एक स्वतंत्र लेख लिहा.

विभागांच्या भांडणाबद्दल फार चिंता करू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. नियमावलीनुसार सहमार्गदर्शक नेमता येतो, तो दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतलाही असू शकतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संगणकशास्त्रातून नोंदणी करून समाजशास्त्र, विधी किंवा कृषी अर्थशास्त्रातील सहमार्गदर्शक मागा. त्या विद्यापीठात जमले नाही, तर मुंबईच्या आयआयटीतील ग्रामीण तंत्रज्ञानाचे 'सितारा' केंद्र 1985 पासून याच वळणाचे काम करत आहे. टाटा समाजविज्ञान संस्था आणि बेंगळुरूच्या ट्रिपल आयटीतील माहिती तंत्रज्ञान व सार्वजनिक धोरणाचे केंद्र यांकडेही अर्ज करावा. समाजशास्त्राच्या प्राध्यापकांचा आक्षेप मात्र अगदीच झटकून टाकू नका. तुम्हाला प्रोग्राम वाचता येतो, मुलाखत घेता येत नाही. 'हा सल्ला तुम्हाला उपयोगी वाटतो का?' असे विचारले की बागायतदार शिष्टाचार म्हणून 'हो' म्हणतो, आणि त्या 'हो'वर प्रबंध उभा राहत नाही. सहा महिने एखाद्या मुरलेल्या क्षेत्र-संशोधकाबरोबर हिंडा.

कंपनीच्या अटीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : त्या कागदावर सही करू नका. माझ्या एका विद्यार्थिनीने पुष्कळ वर्षांपूर्वी अशीच सही केली होती. तिचे निष्कर्ष मदत देणाऱ्यांना रुचले नाहीत. त्यांनी कधी नकार दिला नाही, नुसती संमती पाठवली नाही. दीड वर्ष गेले. तिने अखेर ते प्रकरण गाळून प्रबंध सादर केला, आणि मार्गदर्शक म्हणून मी तिला आधी सावध केले नव्हते, हे मला आजही बोचते. कंपनीतली माणसे वाईट असतात असे नव्हे. ज्यांच्या सल्ल्याची जबाबदारी तुम्ही तपासणार आहात, त्यांच्याच हाती तुमच्या लेखाची किल्ली असू नये, इतकेच. त्यांना उलट प्रस्ताव पाठवा : मसुदा 30 दिवस आधी दाखवीन, व्यापारी गुपित उघड होत असेल तर तेवढा तपशील झाकीन, निष्कर्षात बदल करणार नाही, मानधन घेणार नाही. त्यांनी मान्य केले तर उत्तम.

मान्य केले नाही, तरी तुमचे काम अडत नाही. कंपनीने पाठवलेला प्रत्येक संदेश बागायतदाराच्या फोनमध्ये असतो. निर्यातीसाठी 'ग्रेपनेट'वर नोंदलेल्या बागांत फवारणीच्या नोंदी ठेवल्या जातात. कुठल्या तारखेला कोणता इशारा आला, त्या दिवशी पान काय सांगत होते आणि अखेर काय फवारले, हे तीन रकाने शेतकऱ्याच्या संमतीने शेजारी शेजारी मांडले की तुमची मूळ सामग्री तयार होते, आणि ती कोणीही काढून घेऊ शकत नाही. यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे तुम्हाला कळणार नाही, पण त्याच्या शब्दाचे बाहेर काय होते हे कळेल.

पैशाची अडचण खरी आहे. नेट देऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो, नंतर 42,000. तुमच्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती पाहा. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदही पीएच.डी.साठी मदत करते. तासिका तत्त्वावरची नोकरी अधिछात्रवृत्तीचा आदेश हाती येईपर्यंत सोडू नका. किमान कालावधी तीन वर्षांचा, कमाल सहा. तुमच्या विषयाला दोन छाटण्यांचे पूर्ण हंगाम लागतील, म्हणून घरी चार वर्षे सांगा.

राहिली एक गोष्ट. तुम्ही ज्यांचा अभ्यास करणार, ती तुमच्याच गावची, कदाचित नात्यातली माणसे आहेत. ते तुम्हाला 'ताई' म्हणून सगळे सांगतील, कर्जाचेही सांगतील. म्हणून निम्मे बागायतदार दिंडोरी तालुक्यातले घ्या, जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय पहिली मुलाखतही घेऊ नका. संमतिपत्र मराठीतच लिहा. इंग्रजीत लिहून भाषांतर करवून घेऊ नका. मसुदा तयार झाला की संध्याकाळी वडिलांना वाचून दाखवा, आणि ज्या वाक्यापाशी ते तुम्हाला थांबवून पुन्हा वाचायला सांगतील, ते वाक्य बदला.